एका झाडाचा आंबा, एका पिंपाची बाटली

माझ्या आजोळी, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, बांधावर आंब्याची सात झाडं होती आणि सातही झाडांना नावं होती. शेप्या, गोटी, शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या. उरलेल्या दोघांची नावं छापण्याजोगी नाहीत. कलमाचं एकही झाड नव्हतं, सगळी कोयीची, त्यामुळे प्रत्येकाची चव वेगळी. शेप्याला शेपूचा वास यायचा. घरातली निम्मी माणसं त्याच्यावर जीव टाकायची, निम्मी नाक मुरडायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रस करताना आजी मात्र तीन झाडांचे आंबे एकत्र पिळायची: रंगाला शेंदऱ्या, गोडीला खोबऱ्या आणि जिभेला जरा जाग यावी म्हणून गोटी. एकाची खोड दुसऱ्याने झाकायची. रस दर वर्षी सारखाच लागायचा. शेप्या त्या पातेल्यात कधीच पडला नाही. तो नुसता चोखून खायचा आंबा.

आजी आखाजीला जे करायची तेच जगातले बहुतेक व्हिस्कीवाले बारा महिने करतात. शंभर-दोनशे पिंपांतला माल एका टाकीत ओततात, चव जुळवतात, मग बाटल्या भरतात. धुळ्यात घेतलेली बाटली आणि जळगावात घेतलेली बाटली सारखीच लागावी, यंदाची गेल्या वर्षीसारखी लागावी, यासाठी हा खटाटोप. त्यात कमी प्रतीचं काहीच नाही, उलट ते फार अवघड काम आहे. पण कधी कधी गोदामातलं एखादं पिंप शेप्यासारखं निघतं. त्याला कुणात मिसळायचं नाही, त्याची बाटली वेगळी भरायची, तिच्यावर त्या पिंपाचा नंबर टाकायचा. हे झालं सिंगल बॅरल. हे पुस्तक अशा एका पिंपाच्या बर्बनबद्दल आहे, आणि ते जळगावात बसून मराठीत का लिहावंसं वाटलं हे सांगायला ही प्रस्तावना.

आधी बर्बन म्हणजे काय ते. आपल्याकडे हा शब्द अजून बिस्किटाचा आहे. किराणा दुकानात मागितलं तर चॉकलेट क्रीमचा पुडा हातात पडतो, आणि खरं सांगायचं तर मलाही बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत दुसरा अर्थ माहीत नव्हता. दारूच्या दुनियेत बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तिचा कायदा कडक आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. दारू ओकच्या, आतून जाळलेल्या, कोऱ्या करकरीत पिंपात मुरवायला हवी. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा चालत नाही. पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बाटलीत ४० पेक्षा कमी नको. पाण्याशिवाय वरून काहीही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. १९६४ साली अमेरिकी संसदेने ठराव करून बर्बन हे आपल्या देशाचंच खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं. बहुतेक बर्बन केंटकी राज्यात होते, पण ती तिथेच व्हावी असं बंधन नाही. अमेरिकेत कुठेही चालते.

मका म्हटल्यावर खानदेशी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. जळगाव आणि धुळे हे महाराष्ट्रातले मोठे मका पिकवणारे जिल्हे. दिवाळीनंतर चोपडा, शिरपूर, दोंडाईचाच्या रस्त्यांवरून जा, बाजार समितीच्या आवारात पिवळे ढीग दिसतात. तो मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो, दोंडाईचाच्या स्टार्च कारखान्यात जातो, आता इथेनॉललाही जातो. सातपुड्यातले पावरा लोक त्याची भाकर खातात. केंटकीत मका पितात. सातपुड्यात मका खातात आणि फूल पितात. त्या फुलाकडे पुढे येतोच.

एकच मका, एकच भट्टी, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं, आणि आठ वर्षांनी चव वेगळी. असं का होतं? पिंप साधारण २०० लिटरचं. ते पांढऱ्या ओकच्या फळ्यांचं, आणि कुठल्याही दोन झाडांची लाकडं सारखी नसतात हे कुठलाही सुतार सांगेल. फळ्या आतून जाळतात तेव्हा जळण कमी-जास्त होतं. पण खरा फरक पडतो तो गोदामात. केंटकीतली जुनी गोदामं सात-सात, नऊ-नऊ मजली. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भाजून निघतं, तळाला गारवा असतो. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, येताना लाकडातला गोडवा, रंग, तुरटपणा घेऊन येते. वर ठेवलेलं पिंप हा प्रवास जास्त जोराने करतं. शिवाय दर वर्षी ३ ते ५ टक्के माल हवेत उडून जातो. ते लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आठ-दहा वर्षांनी पिंप उघडलं की त्यातून दीड-दोनशे बाटल्या निघतात, एवढ्याच. त्या संपल्या की ती चव संपली.

एका पिंपाची बर्बन म्हणून आज आपण जी ओळखतो ती बाजारात आणली केंटकीतल्या फ्रँकफर्ट गावच्या एका जुन्या डिस्टिलरीने, १९८४ साली. आज तिचं नाव बफेलो ट्रेस आहे. तो काळ बर्बनला वाईट होता, अमेरिकेतली तरुण पिढी व्होडकाकडे वळली होती. तिथले एल्मर ली हे निवृत्तीला आलेले जाणते गृहस्थ. त्यांचे जुने साहेब आल्बर्ट ब्लँटन पाहुण्यांसाठी गोदामातलं एखादं खास पिंप निवडून काढत, असं कंपनी सांगते. ली यांनी ती सवयच बाटलीत भरली आणि साहेबांचं नाव दिलं: ब्लँटन्स. तिच्या लेबलावर पिंप कधी रिकामं केलं ती तारीख, गोदाम, मांडणीचा क्रमांक आणि पिंपाचा नंबर टाकलेले असतात. गोदाम 'एच'. ते पत्र्याचं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं हे जळगावकराला समजावून सांगायला नको.

या पत्र्यावरून एक गंमत सुचते. असं पिंप भुसावळला ठेवलं तर? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. बंगळुरूची अमृत डिस्टिलरी सांगते की तिच्या पिंपांतून वर्षाला १० ते १२ टक्के माल उडतो, आणि बंगळुरूचं हवामान आपल्या मानाने माहेरच. भुसावळला देवदूतांनी पिंपच डोक्यावर घेऊन नेलं असतं. कोरड्या हवेत अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणजे जे उरेल ते दर वर्षी जास्त जहाल होत जाईल. चार वर्षांत लाकडाचा काढा. म्हणून इथे बर्बनसारखी आठ-आठ वर्षं थांबण्यात अर्थ नाही, आणि भारतातल्या चांगल्या व्हिस्क्या तरुणपणीच बाटलीत जातात ते याच कारणाने. गोव्याची पॉल जॉन किंवा अमृत यांची एकेका पिंपाची बाटली मिळते, ती बहुधा बर्बनच्याच जुन्या पिंपात वाढलेली असते. अमेरिकेत एकदा वापरून टाकलेलं पिंप इकडे येऊन दुसरा संसार थाटतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हिच्यावरच लोक जास्त फसतात. सिंगल बॅरल या शब्दांना अमेरिकेच्या दारू कायद्यात नेमकी व्याख्या नाही. ती रीत आहे, चांगले उत्पादक ती पाळतात. आणि पाळली तरी ती चवीची हमी देत नाही, फक्त वेगळेपणाची देते. शेप्याही एकाच झाडाचा होता आणि निम्म्या घराला नको होता. पिंपाचा नंबर वाचून मान डोलावणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना तोच माल नंबर झाकून दिला तर ते बर्फ मागतात. चार हजारांची चांगली जुळवलेली बर्बन आठ-दहा हजारांच्या एका पिंपाच्या बाटलीला सहज मागे टाकू शकते. फरक असा, की एका पिंपाची बाटली आवडली तर ती पुन्हा मिळणार नाही, आणि नाही आवडली तर दोष कुणाला द्यायचा हे तरी कळतं.

आपल्या मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्द आहे. एखाद्याचं भाषण असो की प्रेम, चोख, जहाल, काही न मिसळलेलं असलं की पहिल्या धारेचं. हा शब्द भट्टीवरून आला आणि भट्टी आमच्याकडे आहे सातपुड्यात.

मी ती पहिल्यांदा पाहिली शाळेत असताना, चोपड्याच्या उत्तरेला डोंगरातल्या एका पाड्यावर. होळी होऊन गेली होती. मोहाची झाडं तेव्हा निष्पर्ण असतात आणि फुलं रात्री गळतात. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. खालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळून जागा साफ केलेली, त्यामुळे काळ्या जमिनीवर लोण्याच्या रंगाची, मांसल फुलं उठून दिसत होती. एक तोंडात टाकलं. आधी गोड, मग घशात एक उग्र वास बसला, तो दुपारपर्यंत गेला नाही. ती फुलं वाळली की मनुकांसारखी तपकिरी होतात. कुठल्या झाडाचं फूल गोड आणि कुठल्याचं पाणचट हे त्या बायका न चाखता सांगत होत्या. झाडंही कुटुंबागणिक वाटलेली.

ओढ्याकाठी मडक्यात फुलं आंबत घातली होती. किती दिवस झाले विचारलं तर तिथल्या एका म्हातारीने मडक्याला कान लावला. आत बुडबुड ऐकू येत होती, म्हणजे अजून नाही. शेजारी दुसरं मडकं चुलीवर चढलं होतं, त्याच्या तोंडावर पालथं भांडं, सांधे मातीने लिंपलेले, मधून बांबूची नळी निघून ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या मडक्यात गेलेली. नळीच्या तोंडून थेंब, मग दोऱ्यासारखी धार. म्हातारीने पहिल्या धारेतले चार थेंब निखाऱ्यावर टाकले. निळी ज्योत भपकन उठली. मग तिने थोडी तळहातावर घेतली, दोन्ही हात चोळले, नाकाशी नेले आणि काहीतरी पुटपुटली. माझ्याबरोबरच्या माणसाने सांगितलं, ती म्हणतेय जाळ जास्त लागला, करपट आली. त्या दिवशी एका मडक्यातून निघालेल्या मालाची परीक्षा ज्या बाईने केली तिच्याइतकं चोख नाक मला पुढे कुठल्याही चाखण्याच्या मेजवानीत दिसलं नाही. तिथे नंबर नव्हता, लेबल नव्हतं. प्रत्येक मडकं वेगळं असणार हे मात्र सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

ही परंपरा सरळ चालत आली असती तर आज सातपुड्याच्या बाटल्यांवरही तारखा आणि नंबर असते. तसं झालं नाही, आणि त्याची कारणं दोन्ही बाजूंची आहेत. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आणला. दारू गाळणं हा सरकारचा आणि ठेकेदाराचा मक्ता झाला, घरची भट्टी गुन्हा झाली. ठाणे-कुलाबा भागासाठी तर १८९२ मध्ये खास मोहफुलांचा कायदा केला, म्हणजे फूल साठवणंसुद्धा गुन्हा. आदिवासीने आपल्या झाडाचं फूल आपल्या मडक्यात घालायचं नाही. ठेकेदाराची दारू ठेकेदाराच्या भावाने आणि उधारीने प्यायची. त्या उधारीत जमिनी गेल्या.

म्हणूनच दारूविरुद्ध जोराचा आवाज उठला तो आदिवासींमधूनच. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरात आणि लगतच्या पश्चिम खानदेशात देवीचा संचार गावोगाव फिरला आणि देवीची आज्ञा होती, दारू सोडा. १९३० च्या दशकाच्या शेवटी तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना आरतीला जमवून तेच सांगितलं. १९७२-७३ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटनेच्या शिबिरांतून उठलेल्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन गुत्त्यांमधली मडकी फोडली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. त्या बायकांना चवीचं कौतुक नव्हतं. नवऱ्याची मजुरी आणि पाठीवरचे वळ एवढाच दारूचा अर्थ त्यांना माहीत होता. चवीबद्दल पुस्तक लिहिणाऱ्याने हे विसरू नये, वाचणाऱ्यानेही. जो पीत नाही त्याने या पुस्तकामुळे सुरू करू नये. ज्याचं पिणं हातातून गेलंय त्याला एका पिंपाची आणि शंभर पिंपांची दारू सारखीच मारते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी आली. साठच्या दशकात ती सैल झाली, पण कायद्याच्या नावात दारूबंदी तशीच राहिली. आपण आजही दारूबंदीच्या कायद्याखालीच दारू पितो. म्हणून परमिट. मोहाची भट्टी मात्र चोरटी झाली, आणि चोरट्या मालाला ना चव राहते ना जबाबदारी. नवसागर, युरिया, बॅटरीचे सेल, काय वाट्टेल ते आंबवणात पडू लागलं. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. ती पहिल्या धारेची म्हणून कुणी प्यायलं नव्हतं, स्वस्त म्हणून प्यायले होते.

अलीकडे हवा थोडी पालटली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठवले. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला, आणि आपल्या नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासींच्या बचत गटाने ती बाटलीत भरली. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये 'सिक्स ब्रदर्स' या नावाने मोहाची दारू बाजारात आणली, उंची बाटलीत, उंची भावात. मोहाच्या बाटलीवर तारीख पडायला अशी सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. बर्बनवाल्यांनी त्यांची बंदी, १९२० ते १९३३, तेरा वर्षांत संपवली आणि पन्नास वर्षांनी पिंपांना नंबर दिले.

बरं, आता बाटली घ्यायची कशी. जळगावच्या वाईन शॉपमध्ये जिम बीम किंवा जॅक डॅनियल्स दिसते. एका पिंपाची विचारली तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग आतल्या पोराकडे. मुंबई-पुण्यात ठरावीक दुकानांत मिळते. परदेशातून येणारा मोठा माणूस २ लिटर दारू बिनजकात आणू शकतो, आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या बाटल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगांतूनच आल्यात. आयात बर्बनवरची जकात फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० वर आली, पण त्यावर राज्याचं शुल्क चढतंच. रावेरवाल्यांना एक सूचना: मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर आहे आणि तिकडे एखादी बाटली स्वस्त दिसेल, तरी ती पिशवीत टाकून इकडे आणणं हा गुन्हा आहे. गोव्याहून आणणंही तसंच. वय २५ पूर्ण हवं, परमिट खिशात हवं. आयुष्यभराचं परमिट हजार रुपयांत मिळतं, लग्नाच्या हॉलपेक्षा कितीतरी स्वस्त.

लेबल वाचताना एक घोळ होतो. आपल्या देशी बाटल्यांवर '२५ यू.पी.' किंवा '७५ प्रूफ' असतं, ते इंग्रजांच्या जुन्या मोजणीने, म्हणजे ४२.८ टक्के. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट. ब्लँटन्स ९३ प्रूफ, म्हणजे ४६.५ टक्के. फोर रोझेसची एका पिंपाची १०० प्रूफ, म्हणजे ५०. एकदा एका जाणत्या मित्राने ९३ प्रूफ वाचून 'ही तर स्पिरिट आहे' म्हणत बाटली परत ठेवली होती. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर निदान दोन वर्षं पिंपात. 'बॉटल्ड इन बाँड' असेल तर १८९७ च्या कायद्याने एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा, निदान चार वर्षांचा, बरोबर ५० टक्क्यांचा माल. मला हे शब्द पिंपाच्या नंबरापेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात, कारण त्यांच्यामागे कायदा उभा आहे. जॅक डॅनियल्सवर मात्र बर्बन असं लिहिलेलं नसतं, ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. तिचीही १९९७ पासून एका पिंपाची बाटली आहे.

सील बघा. सराफ बाजारात आपण बांगडीचा हॉलमार्क भिंगातून बघतो आणि दारूची आठ हजारांची बाटली कागदात गुंडाळून घेऊन येतो. मी एकदा असाच गेलो. एका दुकानातून आणलेल्या बाटलीचं बूच घरी आल्यावर दोन बोटांनी फिरलं आणि आतला माल सरबतासारखा लागला. दुकानदाराने हात वर केले, माझ्याकडे बिल नव्हतं. तेव्हापासून मी बिल घेतो, आणि बाटली रिकामी झाली की लेबल खरवडूनच भंगारात टाकतो, नाहीतर तीच बाटली पुन्हा भरून दुसऱ्या कुणा भल्या माणसाच्या गळ्यात पडते.

पिण्याबद्दल पुढे पूर्ण प्रकरण आहे, इथे फक्त एक रात्र सांगतो. मागच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर चौघे बसलो होतो. एक धुळ्याचा मास्तर, एक सराफ, एक रावेरचा केळीवाला आणि मी. खाली अंगणात पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजायला टाकली होती, कळण्याच्या भाकरीची तयारी चालू होती. मी अट घातली होती: आधी बाटली, मग भरीत. खानदेशी काळ्या मसाल्याच्या शेवभाजीनंतर जगातली कुठलीही व्हिस्की गरम पाण्यासारखी लागते, हा माझा अनुभव आहे. लहान, तोंड आवळलेले ग्लास, प्रत्येकात तीस मिलि, बर्फ नाही. उकाड्याचा विचार करून मी माठातलं पाणी चमच्याने घालायला ठेवलं होतं.

परदेशी पुस्तकांत लिहितात व्हॅनिला, टॉफी, मेपल. आमच्यात कुणालाही मेपल ठाऊक नाही. सराफ म्हणाला, काकवी. मास्तरांना जायफळ लागलं, थोडं सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा वास, आणि शेवटी लाकडाच्या वखारीत पाऊस पडल्यावर येतो तसला काहीतरी. केळीवाल्याने ग्लास हुंगला, खाली ठेवला, पुन्हा हुंगला.

"भो, हे त पिकेल केय हाय!"

सगळे हसले. पण तो बरोबर होता. ग्लासांत जॅक डॅनियल्सची एका पिंपाची होती, आणि तिच्या केळाच्या वासाबद्दल जगभरचे जाणकार लिहितात. आंबवताना यीस्ट जे वासाचे पदार्थ तयार करतं त्यातला एक नेमका पिकलेल्या केळात असतो. ज्या माणसाने आयुष्य केळी पिकवण्याच्या खोल्यांत काढलं त्याला ते पहिल्या झटक्यात सापडलं, आणि किती दिवसांचं पिकलेलं हेही त्याने सांगितलं. मग चमचाभर पाणी घातलं तर काकवी पुढे आली, केळ मागे गेलं. दुसरा चमचा घालायला नको होता, सगळंच पातळ झालं. ती बाटली आम्ही त्या रात्री संपवली नाही. अर्ध्याहून कमी झाल्यावर बूच लावलं, वांगी सोलली आणि भरीत कालवलं. पाच-सहा महिन्यांत संपवली पाहिजे. अर्धी बाटली वर्षभर कपाटात ठेवली की हवेने तिचा जीव जातो. कपाटही अंधारातलं हवं. जळगावच्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली बाटली ऑगस्टमध्ये ओळखू येणार नाही.

म्हणून या पुस्तकात मी वासांची यादी इंग्रजीतून उचलली नाही. तुमच्या नाकाला जे शब्द माहीत आहेत तेच वापरा: गूळ, काकवी, सुंठ, खारीक, भाजलेले शेंगदाणे, चिंचेची टरफलं, नवी चप्पल, सागाची वखार. चूक-बरोबर असं त्यात नाही. फक्त लिहून ठेवा, तारखेसह आणि पिंपाच्या नंबरासह, कारण ती बाटली तुम्हाला परत भेटणार नाही.

शेवटी एक मागणं. आजोळच्या सात झाडांपैकी आता दोनच उरली आहेत, शेप्या त्यात नाही. सातपुड्यातल्या मोहाच्या झाडांनाही पाड्यापाड्यावर नावं आहेत, कुठल्या झाडाचं फूल कशाला चांगलं याचे दाखले आहेत, आणि ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या आता थोड्याच राहिल्यात. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा इथल्या कुणा वाचकाला ती नावं ठाऊक असतील तर त्याने ती झाडाच्या ठिकाणासह लिहून मला कळवावीत. पुढच्या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र प्रकरण देईन.